आबांनी नाव सांगितलं नाही

हानयांग, आत्याच्या घरून
चौथ्या महिन्याची पौर्णिमा

तीर्थरूप दादांना धाकट्या येन-ओकचा वाकून नमस्कार.

तिकडे परगण्याच्या ठिकाणी तुम्ही एकटे राहता. जेवणाखाणाची आबाळ होत नसेल, असं धरून चालते. गावी वहिनी आणि मुलं खुशाल आहेत. धाकट्याला दात आला, आणि आल्या आल्या तो वहिनींनाच चावला. यंदा सोयाबीन कमी, त्यामुळे आंबवणाचे रांजण अर्धेच भरले. आत्याचा खोकला तसाच आहे, पण खोकत खोकत शेजारणींना नावं ठेवायचं काही थांबलेलं नाही.

मी इथे राजधानीत, हानयांगला कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आबांबरोबर आले. आबांची तब्येत... ते पुढे लिहिते.

तुम्हाला लिहू का, असं मी आबांना विचारलं. म्हणाले, "लिही. पण बोल लावू नकोस. तो थोरला आहे, तू धाकटी आहेस. जे झालं तेवढं लिही." तेव्हा झालं तेवढंच लिहिते आहे.

दुसऱ्या महिन्यात आबा तुमच्याकडे येऊन गेले. वाटेत काय झालं ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. मलाही नाही सांगितलं. बरोबर गेलेल्या आपल्या गड्याने, माक्सानने सांगितलं. तुम्ही राहता त्या गावाच्या अलीकडे डोंगरात सगळे पाइन वृक्ष माणसाच्या उंचीपर्यंत सोललेले होते. एका झोपडीपाशी आबा दम खायला थांबले. आत एक बाई साल उकळत होती. दारात म्हातारा माणूस उभा बघून तिने वाडगा पुसला, त्यात तो लगदा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "बसा आजोबा. फार नाही, पण ऊन ऊन आहे."

आबांनी तो वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला.

मग विचारलं, "सरकारी कोठारातून धान्य नाही मिळत?"

"कोठार भरलेलं आहे म्हणतात. कुलूप आहे," ती म्हणाली. "पण आमचा अधिकारी शिकलेला माणूस आहे हो. चांगल्या घरचा. बापानेच शिकवलाय म्हणतात. त्याच्या मनात काहीतरी असेल, त्याशिवाय नाही असं करणार."

माक्सान म्हणाला, आबा तिथून उठले तेव्हा त्यांना हात द्यावा लागला.

तुमच्या खोलीत तुम्हा दोघांचं काय बोलणं झालं, ते तुम्हालाच ठाऊक. माक्सान बाहेर पायऱ्यांशी बसला होता. त्याला तुमचा शेवटचाच आवाज आला: "आबा, एकदा तपासनीस येऊन जाऊ देत. कोठार भरलेलं दिसलं पाहिजे. मग लगेच उघडतो." त्यावर आबा उठले. बाहेर येऊन त्यांनी जोडे मागितले.

घरी आल्यावर पितरांची नावं कोरलेल्या पाट्यांसमोर ते बराच वेळ बसून राहिले. मग मला म्हणाले, "पांढरे कपडे काढ. आणि कुऱ्हाडीला धार लावून घे."

मला समजलं, दादा. आपल्या घरात वाढलेल्या कुणालाही समजलं असतं. लहानपणी आबा सांगायचे, जुने विद्वान राजाला त्याची चूक सांगायला जाताना सुतकाचे पांढरे कपडे घालत आणि कुऱ्हाड बरोबर नेत, म्हणजे बोलणं खोटं ठरलं तर राजाला हत्यार शोधावं लागू नये. आपण दोघं अंगणात तो खेळ खेळायचो. तेव्हा तो खेळ होता.

वहिनी रडल्या. मी नाही रडले. मी आबांचं सामान बांधलं आणि सांगितलं, मी बरोबर येणार. विधवा मुलीला एवढा तरी हक्क असावा.

राजवाड्याच्या मोठ्या दारासमोर आबांनी गवताची चटई अंथरली, कुऱ्हाड पुढ्यात ठेवली, अर्ज दोन्ही हातांत डोक्याच्या वर धरला आणि गुडघे टेकून बसले. मी झगा डोक्यावरून ओढून भिंतीशी बायकांत उभी होते. अर्जात लिहिलं होतं, उत्तर प्रांतात कोठारं भरलेली आहेत आणि माणसं झाडांच्या साली खाताहेत, हे महाराजांच्या नावाने चाललं आहे, आणि ज्याच्या नावाने चाललं आहे त्याने ते ऐकलं पाहिजे.

आधी लोक मजा बघायला जमले. एक मासळीवाला ओरडला, "ओ म्हातारबा, कुऱ्हाड आणलीत, लाकूड कुठंय?"

आबांनी स्वतःच्या मानेवर हात ठेवला. "हे काय. चांगलं वाळलेलं आहे."

कुणी हसलं नाही. मासळीवाल्याने टोपली खाली ठेवली आणि तिथेच उकिडवा बसला. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर तोच एक फाटकी छत्री घेऊन आबांच्या मागे उभा राहिला. आबा म्हणाले, "बाबा रे, अर्जावर धर. मी भिजलो तरी चालतो." मी पेज घेऊन जायची, ती ते घ्यायचे नाहीत. शहरात विद्यार्थी आहेत ना, ते हळूहळू येऊन आबांच्या मागे बसायला लागले.  नुसते बसायचे.

शेवटी दार उघडलं आणि दरबारचे चिटणीस बाहेर आले. वयाने तुमच्याएवढे. अर्ज महाराजांनी वाचला होता.

"महाराज विचारतात, हे कुठे पाहिलंत?"

"उत्तर प्रांतात."

"परगणा कोणता?"

आबांनी पुढ्यातली कुऱ्हाड थोडी पुढे सरकवली.

"अधिकाऱ्याचं नाव सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

"आजोबा, तुम्ही तक्रार करायला आलात की लपवायला?"

"दोन्ही करायला," आबा म्हणाले. "राजाची चूक त्याच्या तोंडावर सांगायची, हे मला महागुरू कोंग यांनी शिकवलं. ते मी केलं. नाव सांगायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलंय. त्या अधिकाऱ्याला पहिलं अक्षर मी गिरवायला दिलं. माणसाने माणसाशी कसं वागावं ते मी सांगितलं. ते त्याच्यात मुरलं नसेल तर काम माझं कच्चं. गुन्हेगार हवा असेल तर तो तुमच्यासमोर आहे."

बापाने मुलाचा दोष झाकावा, हे महागुरूंचं वचन चिटणिसांनाही पाठ असणार. ते खाली वाकले आणि अगदी हळू विचारलं, "मुलगा?"

आबांनी मान खाली घातली. "मला ऐकू कमी येतं, सरकार."

दादा, आबांना मुंगी चाललेली ऐकू येते.

चिटणीस उठून आत गेले. जाताना त्यांनी डोळ्यांवर बाही धरली होती, ते मी पाहिलं.

महाराजांचा हुकूम सकाळी वाचून दाखवला. उत्तर प्रांतातली सगळी कोठारं ताबडतोब उघडावीत, तपासणीची वाट पाहू नये. राजाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हा अपराध आहे, म्हणून म्हाताऱ्याला दक्षिणेच्या बेटावर हद्दपार करावं. आणि त्या अधिकाऱ्याचं नाव यापुढे कुणी विचारू नये, शोधूही नये. बापाने जे झाकलं ते उघडायला राजाचा हात पुढे होणार नाही.

वाचून झाल्यावर चिटणिसांनी कागद मिटला, आणि एवढा मोठा दरबारी माणूस, भर रस्त्यात, चिखलात आबांच्या पायांशी वाकला. त्याच्यामागे विद्यार्थी वाकले. मासळीवालाही.  ज्या माणसाचा झगा मी धुते, ज्याचे मोजे रफू करते, तो हाच का, असं वाटत होतं. आबा मात्र राजवाड्याकडे तोंड करून रीतीप्रमाणे नमस्कार घालत होते. उठले तेव्हा चेहरा असा, जणू राज्य मिळालं. मला म्हणाले, "बघितलंस? एवढं मोठं राज्य, आणि माझ्यासारख्याचं ऐकलं गेलं. केवढा मोठा राजा आहे आपला!"

हद्दपारीची त्यांना आठवण करून द्यावी लागली.

परवा निघतो. मी बरोबर जाते आहे. तब्येतीचं लिहायचं राहिलं: गुडघे सुजले आहेत, रात्री ताप असतो. बोटीचा प्रवास मोठा आहे.

कोणत्या परगण्यातलं कोठार, ते मीही या पत्रात लिहिलेलं नाही. आबांनी सांगितलं नाही, तिथे मी कोण सांगणार? तुमच्याकडे कुणीही येणार नाही, दादा. कुणी काही विचारणार नाही. तुमचं नाव स्वच्छ आहे.

बोल लावलेला नाही. आबांना दाखवून मगच पत्र पाठवते आहे.

तुमची धाकटी,
येन-ओक


दक्षिणेचं बेट
दहावा महिना, पहिला आठवडा

सौभाग्यवती वहिनींना येन-ओकचा नमस्कार.

आधी सुखाची बातमी. दादा काल दुपारी इथे पोचले.

वाळलेत. ओळखू आले नाहीत. अंगात साधे सुती कपडे, टाचा फुटलेल्या. बोटवाल्याला वाटलं, कुणी मजूर कामाला आला. हुकूम प्रांताच्या कचेरीवरून फिरून आला, त्यामुळे माझं पत्र त्याच्या आधी पोचलं होतं म्हणे. त्याच दुपारी त्यांनी कोठार उघडलं. मी म्हटलं, म्हणजे हुकूम यायच्या आधी तुम्ही स्वतःच उघडलंत. तर म्हणाले, "नको येन-ओक. तसं म्हणायला जागा आहे, म्हणूनच म्हणू नकोस." पुढे पीक हाती येईपर्यंत तिथेच राहून पेज वाढली, मग राजीनामा दिला आणि पायी निघाले. पाइनच्या डोंगरातल्या त्या बाईला शोधायला गेले होते. झोपडी रिकामी होती. त्याबद्दल एवढंच बोलले. 

दादा पोचले तेव्हा आबा पाण्यात होते, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून, कोळणींबरोबर शेवाळ गोळा करत. (ताप उतरला, गुडघे मात्र कायमचे गेले. तरी ऐकत नाहीत.) दादांनी वाळूवरच डोकं टेकलं. आबांनी पाहिलं, आणि त्यांच्या बाजूने थेट झोपडीत निघून गेले.  वाटलं, संपलं.

मी आत गेले तर आबा हात धूत होते. म्हणाले, "माझा झगा दे. टोपीही दे. मुलगा इतक्या लांबून आलाय, आणि मी असा ओला बोंबील." सगळा पोशाख नीट केला, टोपीची दोरी दोनदा बांधली. मग रीतीप्रमाणे वडीलधाऱ्याने बसायचं तसे दक्षिणेकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "आता बोलाव."

दादांनी नमस्कार केला आणि उठेनातच. आबा म्हणाले, "वाटेत थंडी होती का रे?"  आबांनी आणखी काही विचारलं नाही. कोठाराचं नाही, राजीनाम्याचं नाही. तेवढ्यात कोळ्यांची पोरं आली. इथे आल्यापासून आबा त्यांना शिकवतात, बदल्यात आम्हाला मासे. आबा म्हणाले, "बस मागे. धड्याची वेळ झाली."

वहिनी, परीक्षेत सगळ्या प्रांतात पहिला आलेला तुमचा नवरा, कालपरवापर्यंत परगण्याचा धनी, सगळ्यांच्या मागे दाराशी मांडी घालून बसला. उजळणी पहिल्याच धड्याची होती: आकाश, पृथ्वी, माणूस. पोरं ओरडून म्हणायची, आणि त्यांच्यामागून दादांचा आवाज. एका चिमुरडीने वळून बघितलं. "काका, एवढे मोठे झालात आणि तुम्हाला हेपण येत नाही?"

"येत होतं," दादा म्हणाले. "विसरलो."

"मग जोरात म्हणा. मी पण विसरते."

आबांनी छडीने पाटी ठोकली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी चुलीशी होते. बाहेर समुद्र, आत ते दोन आवाज, एक म्हातारा आणि एक भरलेला, मध्ये पोरांचा गलका. तांदूळ निवडायचे तसेच राहिले.

पितरांच्या पाट्यांसमोर दिवा लावाल तेव्हा त्यांना ही बातमी आधी सांगा. मुलांना मग. सांगा, बाप आणि मुलगा एका छपराखाली आहेत, आणि दोघांची तोंडं एकमेकांकडे आहेत.

तुमची नणंद,
येन-ओक