दसऱ्याला मोडलेली सुई

बाबा, जिवंतपणी तुम्हाला कधी 'तू' म्हटलं नाही. दात घशात घातले असते तुम्ही. आता म्हणते. तू मेलास तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

माझ्या घरी आज अकरा जुन्या शिलाई मशीन आहेत. आर्वी, सेलू, जिथं भंगारवाला दिसेल तिथं मी थांबते. गंज खरवडते, तेल घालते, नवा पट्टा चढवते आणि पाळीपाळीनं प्रत्येकीवर काहीतरी शिवते. नाही शिवलं तर मशीन आखडते. नवरा म्हणतो, "घर हाय का भंगाराचं दुकान? पाय ठेवाले जागा नाई." त्याला वाटतं, हा शौक आहे. शौक कसला डोंबलाचा! मी आईची मशीन शोधत होते.

दसऱ्याला आपल्याकडे मशीन पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून ठेवायची. चालवायची नाही. "आज ते औजार नाई, देव हाय," असं तूच म्हणायचास. मी शाळेत होते त्या वर्षी दसऱ्याच्या दुपारी तू तुझ्या शिवणकामाच्या दुकानातल्या मशीनची पूजा करून घरी येतोस आणि आईच्या पायमशीनमध्ये तुला मोडकी सुई दिसते. "मीच चालवली," आई म्हणते. तू दारू प्यायलेला नाहीस, हेच मला अजून सोसत नाही. आधी तू नवी सुई लावतोस, सावकाश, स्क्रू पिळून पिळून. मग तिचे केस धरून तिला खाली बसवतोस, उजव्या हाताचं पहिलं बोट सुईखाली दाबतोस आणि हातानं चाक फिरवतोस. "चालव आता! चालव!" नखातून आरपार. ती ओरडली तर तिचं डोकं मशीनवर आपटलंस. झेंडूवर रक्त उडालं. संध्याकाळी त्याच हाताला फडकं गुंडाळून तिनं पुऱ्या लाटल्या, आणि तू मागून मागून खाल्ल्यास, हरामखोरा. दुसऱ्या दिवशी मशीन भंगारात दिलीस. तिचं बोट मरेपर्यंत वाकलं नाही. साधं बटण लावायचं तरी शेजारणीला हाक मारायची.

गेल्या महिन्यात हिंगणीला, भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरी ती मशीन सापडली. सुईखालच्या पत्र्यावर नेलपेंटच्या तीन लाल रेघा, आईनं मापासाठी ओढलेल्या. तिथली म्हातारी तिच्यावर भाजीच्या पिशव्या शिवत होती. मला रडू आवरेना. "काऊन रडून राह्यली वं बाई? घेऊन जाजो. पन मले पिशव्या शिवाले दुसरी आनून दे." मी माझ्याकडची सगळ्यात चांगली दिली.

तेव्हापासून ती समोर आहे. बाकीच्या दहा चालवते. हिच्यावर ठेवलेला पाय उचलून घेते. तुला शिव्या घालायला बसले होते, घातल्या, अजूनही घालीन. हा कागद तिच्याच खणात राहील. पण त्या दसऱ्याला मला सोनं वाटायला जायचं होतं आणि फ्रॉकची झालर उसवली होती. ती मी चोरून शिवली. सुई माझ्या हातून मोडली. तू चाक फिरवत होतास तेव्हा मी तीच झालर मुठीत धरून दारात उभी होते. तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. एरवी मी तिचं काही म्हणता काही ऐकायची नाही. तेवढं ऐकलं.