दोन पिशव्यांतला हरभरा

१२ डिसेंबर, शुक्रवार. नव्या हातमोज्यांवर शिकलेल्या मुलींना आज पहिल्यांदा खऱ्या म्हशीजवळ नेलं, जिंतूर रस्त्यावरच्या एका गोठ्यात. दुपारी परत येऊन डबा खाल्ला, वह्या तपासल्या. साडेपाचला घरी आले.

अण्णा, हातमोजे म्हटल्यावर तुम्हाला गाभ तपासायचे, खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचेच आठवतील. हे वेगळे आहेत. डोळ्यांवर मोठा चष्मा बांधायचा, त्यात म्हैस दिसते. हात पुढे केला की मोज्यातले बारीक फुगे बोटांना दाबतात, आणि समोर काहीच नसताना म्हशीच्या पोटातली गर्भाची पिशवी हाताला लागते. ही म्हैस लाथ मारत नाही, शेण टाकत नाही. "मग ती म्हैस कसली?" असं तुम्ही, आज असतात तर, नक्की म्हणाला असतात.

मोजे बनवणारी माणसं दोन वर्षांपूर्वी आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आली. त्यांचा एकच प्रश्न होता, मॅडम, दीड-दोन महिन्यांचा गाभ हाताला नेमका कसा लागतो? इतकी वर्षं शिकवतेय, पण मला सांगता येईना. पुस्तकातलं वाक्य सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघत बसले. शेवटी मी कँटीनमधून दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या आणि भिजवलेला एक हरभरा मागून आणला.

तो दिवस मला अजून दिसतो. मी तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलेय. स्वयंपाकघरात तुम्ही आधी माझी नखं बघताय. मग एका पिशवीत पाणी आणि हरभरा घालून ती दुसरीत ठेवताय, गाठ मारून वर ओलं पोतं टाकताय. आई ओरडतेय, "उसळीचे हरभरे हायत ते! घरात बी ढोरं आणली का आता?" तुम्ही मला डोळे मिटायला लावता. "चिमटीत धर. हळू सोड. आधी हरभरा निसटंल, मग आतली पिशवी. काय कळायलंय का?" मी नुसतीच चाचपतेय. "न्हाई कळलं तर न्हाई म्हण की. पुन्हा बघ."

ते मी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात वस्तीवरच्या मावशींनी म्हैस बाजारात न्यायला काढली होती. गाभण असली तर ठेवायची, खाली असली तर विकायची. तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात, "आज आमची माय बघंल." चार माणसं उभी होती. शेणाच्या वाटेनं आत घातलेला माझा हात बधिर झाला होता, बोटांना काही लागत नव्हतं, आणि मी म्हणाले, खाली आहे. मावशी दावं सोडायला लागल्या. तुम्ही डावी बाही वर केली, हाताला साबण लावला आणि डोळे मिटून उभे राहिलात. "दोन महिन्यांची हाय. इकू नका."

"मंग डॉक्टरीणबाई काय म्हणायल्यात?" मावशींनी विचारलं.

"मीच तिला चुकीचं शिकवलं हुतं."

परतताना फाट्यापाशी तुम्ही थांबलात. मग एवढंच, "त्या बाईचं घरचं दूध जात हुतं, माय. कळलं न्हाई म्हणायला काय लागतंय?"

मोजे तयार होऊन आले तेव्हा सोबतच्या पडद्यावर तपासणीनंतर दोनच उत्तरं होती, गाभण आणि खाली. मी तिसरं मागितलं, 'कळलं नाही, पुन्हा बघते.' ते म्हणाले, मॅडम, परीक्षेत असा पर्याय नसतो. मी म्हणाले, गोठ्यात असतो. त्याशिवाय मोज्यांच्या मान्यतेवर सही करणार नाही, असंही म्हणाले. मी वाद घालणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी घातला.

आज पाथरीकडच्या एका अबोल मुलीचा नंबर होता. तिचा हात आत, आणि मालक शेजारी उभा. "काय म्हणायलीय पोरगी, हाय का न्हाई?" ती म्हणाली, "कळलं नाही. पुन्हा बघते." मालक हसला. "लय शिकीवलंय मॅडम तुमी!" मुलगी हलली नाही. तिनं डोळे मिटले. मी मिटायला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं तिचा चेहराच बदलला. "निसटलं, मॅडम! वर्गातल्या पिशवीतल्या हरभऱ्यासारखं." नंतर मी स्वतः हात घालून बघितलं. बरोबर होतं. मला इतका अभिमान वाटला की मालकाला मी दोनदा सांगितलं, मुलीनं बरोबर ओळखलंय.

जीपमध्ये तिनं विचारलं, हरभऱ्याचं कुणी शोधून काढलं? मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायचे. पण शंका आली की मोठे डॉक्टरसुद्धा त्यांनाच हात घालायला लावायचे."

हे मी कॉलेजात आज पहिल्यांदा बोलले, अण्णा. इतकी वर्षं कुणी विचारलं की 'पशुसंवर्धन खात्यात होते' एवढंच सांगत आले, आणि ऐकणारे तुम्हाला डॉक्टर समजले तरी समजू दिलं. मोजेवाल्यांनाही मी 'एका जुन्या माणसानं शिकवलं' असंच सांगितलं होतं. सोमवारी त्यांना फोन करून नीट सांगणार आहे.

उद्या दुसऱ्या तुकडीला न्यायचंय. ओट्यापाशी कागद पसरलाय. आता वही मिटून नखं कापायला बसते. आधी डावा हात, तुमच्यासारखा.