सूरजचा बोर

हैदराबाद, ४ मार्च

ति. दादांस,
भावनाचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही डबीत जपून ठेवता, म्हणून पत्र. सुखरूप पोचले. जमिनीच्या पोटातली उष्णता कुठं किती वर येते, याचा नकाशा करताना खडक, उतार, गोदावरीचं अंतर, सगळंच धरावं लागतं. पण बोरमध्ये तापमापी सोडल्याशिवाय खरं कळत नाही. बोरही वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला हवा. म्हणून आपल्या सूरजचा घेतला. भाऊ तर गेला. त्यानं पाडलेल्या बोरचा ठिपका तरी माझ्या नकाशात असावा, असं फार मनात आहे.

पण परवा तिथं घेतलेले आकडे बिघडलेत. खाली जावं तसं गरम लागायला हवं, तिथं गार लागतंय. कुणीतरी त्यात पाणी ओततंय. शेजारचा रामकिसन फवारणीचा पंप तिथंच धूत असेल, त्याला खडसवा. मे महिन्यात पुन्हा मोजायला येते.

आईला जपा. लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची भावना

तीर्थपुरी, १५ मार्च

चि. भावना हीस,
आई-दादांचे आशीर्वाद.

रामकिसनला खडसावलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दादा, आधी घरात इचारा. मग सकाळी मी तुझ्या आईच्या मागं गेलो. तिनं बोरचं झाकण सरकवलं आणि भरलेली कळशी आत उपडी केली.

विचारलं, तर म्हणाली, लोक माझ्या पोराच्या बोरला कोरडा म्हणतात, मी हाये तवर तो कोरडा ऱ्हाणार न्हाई. बोरला पाणी लागलं नाही आणि त्याच उन्हाळ्यात शहागडजवळ ट्रकनं सूरजला नेलं. पोरगं ती बोच घेऊन गेलं, असं तिच्या मनानं घेतलंय.

तुझं काम आहे म्हणून थांब म्हटलं. तिनं बिलकुल वाद घातला नाही. आता रोज कळशी भरते, बोरपर्यंत जाते आणि भरलेलीच परत आणते. जेवण सुटलंय. मला बघवत नाही, पोरी.

तब्येत सांभाळ, माया असू दे.
तुझे दादा

हैदराबाद, २७ मार्च

ति. दादांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचून फार रडले. आईला सांगा, माझं काम झालं. आष्टीजवळ दुसरा बोर मिळाला, तिथले आकडे छान आलेत. सूरजच्या बोरचे आधीचेही चालतील. तिला म्हणावं, खुशाल ओत.

दोघांनीही वेळेवर जेवा. माझ्यावर राग धरू नका.
तुमची भावना

तीर्थपुरी, ९ एप्रिल

चि. भावना हीस,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, पोरीचं काम बराबर झालं ना? मी हो म्हणालो. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

काल आष्टीचे आपले बद्रीनाथमामा बाजारात भेटले. तिकडं मोजायला कुणी आलंच नव्हतं, म्हणाले. सूरजचा ठिपका तुझ्या नकाशात येणार नाही, हे मला समजलं. आईला मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

नकाशा झाला की एक प्रत मात्र पाठव. तिला वाचता येत नाही, पण आपला बोर कुठं आहे, ते ती विचारणारच. मी कुठंतरी बोट ठेवीन.

सुखात राहा, आम्हाला विसरू नकोस.
तुझे दादा