‘शेवटची झगमग’ आणि लोकांची मतं

रविवार, २ फेब्रुवारी
टाकला! शेलूला गजाच्या गोदामात बसून, त्याच्या स्पीकरांच्या ढिगाऱ्यात. ‘शेवटची झगमग’ — ‘दोन फ्यूज’ या जोडीचा शेवटचा अल्बम. सगळी गाणी डिस्को. अपलोडचं बटण गजाने दाबलं. मी भाषण तयार ठेवलं होतं, तेवढ्यात तो मंडपवाल्याचा फोन घ्यायला बाहेर गेला.

कव्हरवर आम्ही दोघं भाताच्या पेंढ्यावर उभे, चंदेरी जाकिटात. जाकीट म्हणजे गाडीच्या काचेला लावतात तो उन्हाचा पडदा. माझ्या बायकोने, समीक्षाने शिवून दिला. फोटोत मी पोट आत घेतलंय हे दुरून कळतं. गजाने घेतलेलंच नाही, तो बरा दिसतो.

‘शेवटचा’ हे गजाचं. “बास रं किरण्या. एक झ्याक करू आन् थांबू.” कारण विचारलं तर लगीनसराई, आई, गोदाम — काहीही. मी महिनाभर रुसलो. मग तो निर्णय माझाच असल्यासारखी पोस्ट लिहिली. ‘कलावंताला थांबण्याची जागा कळली पाहिजे’ वगैरे. कर्जतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवणारा कलावंत!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
अभिप्राय यायला लागले. क्लासमध्ये पोरं परीक्षा देत होती, मी टेबलाखाली मोबाईल धरून वाचत होतो.

‘पहिलं गाणं कडक. पुढची कढी.’
‘जुने दोन फ्यूज परत द्या.’
‘दादा, काल हळदीला लावला. नवरा नाचला नाय. नवऱ्याचा काका लय नाचला, त्याला धरून बसवला.’

काका हा आमचा श्रोता. शेवटी सापडला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
एकाने लिहिलंय, ‘सगळं ठीक, पण ट्रेबल जरा कमी करा. हेडफोन लावून ऐकला, कानात सुई गेली.’ त्याला पंचेचाळीस लाईक. अल्बमला एवढे नाहीत.

मी उत्तर दिलं. मोठं. की ट्रेबल म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज, आणि डिस्कोमध्ये झांजेचा तो चकचकीत आवाज हवाच, त्याला आम्ही ‘धातूचा उजेड’ म्हणतो. आम्ही म्हणजे मी, आणि कालपासून.

तिकडून उत्तर — ‘उजेड डोळे मिटले तरी दिसतोय दादा.’

त्यालाही लाईक. त्यातला एक गजाचा! फोन केला. म्हणाला, “चुकून अंगठा लागला रं.”

रविवार, ९ फेब्रुवारी
शेलूला गेलो. गजाची आई, धोंडूबाई, ओट्यावर वाल सोलत होती. घरातलं पहिलं मत घ्यावं म्हणून विचारलं, “काकी, आमचा नवा ऐकला का?”

“ऐकला ना रं. गजानं लावला व्हता. कोंबड्या पार नदीवर गेल्या.”

“गाणी कशी वाटली?”

“गाणी बरी हायती. पर त्यात ती भांडी कोन घासतंय?”

गजा आत हसत होता. मला हसू आलं नाही. घरी येताना आलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
समीक्षाचं मत रीतसर मागितलं. ती म्हणाली, “छान आहे.” आवाज तोच, जो माझ्या मावशीने दिलेल्या साडीबद्दल काढते.

“खरं सांग.”

“खरं सांगून काय उपयोग? तू ऐकतोस का माझं? आत्ताही तीनदा हाक मारली, दूध उतू गेलं.”

मी संगीताबद्दल विचारतो, ही दुधावर येते. जुनं भांडण आहे. मी मुद्दाम दुर्लक्ष करतो, असं तिचं म्हणणं. परवा ती पोळ्या लाटता लाटता रडली. मला वाटलं, कांदा.

रविवार, १६ फेब्रुवारी
एक चांगला! खालापूरचा टेंपोवाला आहे. लिहितो, ‘एक्स्प्रेसवेला झोप आली की तुमचा अल्बम लावतो. लगेच जाग येते.’

दिवसभर खूश होतो. संध्याकाळी समीक्षाने तो दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा हळू. मग खुशी गेली.

शनिवार, २२ फेब्रुवारी
आज सगळे अभिप्राय पहिल्यापासून वाचले. नीट, अपमान बाजूला ठेवून. चाली आवडल्यात. चौथ्या गाण्यातलं व्हायोलिन बऱ्याच जणांना आवडलंय. पण जवळजवळ प्रत्येकजण तेच म्हणतो. टोचतं. कापतं. दात शिवशिवतात. एवढी माणसं एकमेकांना न विचारता तेच कशी म्हणतील?

मग एकदम चमकलं. मिक्सरवर कोण बसतं? गजा! पंधरा वर्षं हळदी, वराती, गणपती — स्पीकरच्या तोंडाशी उभा. गजाला कमी ऐकू येतंय. बिचारा ट्रेबल वाढवतच गेला आणि त्याला कळलंच नाही.

म्हणूनच ‘बास रं किरण्या’. म्हणूनच शेवटचा. आणि मी महिनाभर रुसलो होतो!

फार वाईट वाटलं. मग जरा बरंही वाटलं — म्हणजे दोष माझा नाही. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी
समीक्षाला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. “गजाभावजींना कमी ऐकू येतं? त्यांना?”  मग म्हणाली, “खोपोलीला कानतपासणीचं शिबिर आहे, शेजारच्या वहिनी सांगत होत्या. घेऊन जा त्यांना. आणि त्यांना एकट्याला कसंतरी वाटेल, तुझंही तपासून घे.”

काय हुशार आहे! मला हे सुचलंच नसतं.

गुरुवार, ६ मार्च
गजाला फोन. म्हटलं, “माझा कान जरा दुखतोय, शिबिराला सोबत येतोस का?” खोटं बोलताना घाम आला. तो लगेच हो म्हणाला. लगीनसराईत, रविवारी, लगेच हो! बहुतेक त्यालाही निमित्तच हवं होतं.

रविवार, ९ मार्च
लिहू की नको.

खोपोलीचा हॉल. मी पहिला गेलो, गजाला धीर यावा म्हणून. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले, हातात बटण. बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, “आवाज आला की दाबायचं.” सुरुवातीला घुमणारे आवाज आले, दाबलं. सोपं होतं. मग मशीन बंद पडलं. मी शांत बसून राहिलो. काचेतून त्या मुलीला हाताने खूण केली — मशीन बंद आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि बटण आणखी फिरवलं. मी पुन्हा खूण केली. तिच्यामागे गजा उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, चपलेकडे बघत होता.

तेव्हा कळलं.

नंतर गजा आत गेला. टक, टक, टक — दाबतच सुटला.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. गजाची रेघ सपाट. माझी थोडी सपाट आणि मग खंडाळ्याच्या घाटासारखी खाली. वरच्या पट्टीचे आवाज गेलेत. दोन्ही कानांचे. “हळूहळू जातात, त्यामुळे माणसाला कळत नाही,” म्हणाले. “मोठ्या आवाजात काम करता का?” गजाच म्हणाला, “व्हय. माज्यासंगं. पंधरा वर्सं, वरातीत.”

मी विचारलं, “आणि ह्याचे कसे शाबूत?” गजाने खिशातून कापसाचा बोळा काढून दाखवला. इतकी वर्षं घालतो म्हणे. मीच त्याला बायकी म्हणून हसायचो.

बाहेर पायरीवर बसलो. वडापाव घेतला, खाल्ला नाही.

“तुला माहीत होतं?”

“दोन वर्सं झाली.”

“ट्रेबल तूच वाढवत होतास ना?”

“मी बटण फिरवायचो. ‘वाढव, आजून वाढव’ मागं बसून कोन बोलायचं?”

मी बोलायचो. खुर्चीत रेलून, डोळे मिटून.

“सांगितलं का नाहीस?”

तो वडापावचा कागद घडी करत बसला. “सांगितलं आस्तं तर तू तवाच थांबला आस्तास. म्हटलं, शेवटचा तरी तुला पुरता ऐकू येईल आसा करू. लोकांचं काय रं, ती आवाज कमी करतील.”

मला रडू आलं. कापसाच्या बोळ्याने डोळे पुसले.

सोमवार, १० मार्च
समीक्षाला रात्री सगळं सांगितलं होतं. सकाळी चहा देताना म्हणाली, “म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतास.”

“काय?”

“माझ्याकडे दुर्लक्ष.”

“नव्हतो.”

तिने कप ठेवला आणि माझ्या पाठीवर एक गुद्दा घातला. मग तिथेच डोकं टेकलं. मला उगाच वाटायचं, ही भांडते. ही एकटी पडली होती.

तिलाही संशय होता म्हणे. सगळ्या कर्जत तालुक्याला होता. टायपिंग क्लासची पोरंसुद्धा आता सांगतात, “सर, तुमच्या मोबाईलचा अलार्म वाजत राहतो, आम्हाला वाटायचं तुम्हाला आवडतो.”

शुक्रवार, १४ मार्च
अभिप्राय — ‘धातूच्या उजेडात आमच्या कुत्र्याने गाव सोडलं.’
लाईक केला.

गुरुवार, २० मार्च
कानाचं मशीन मापाला टाकलंय. चिडचिड होते. गजाने फोन केला, मी उचलला नाही. काय बोलणार? तू माझ्यासाठी आपलं नाव लोकांत खराब केलंस, हे? थँक्यू? इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना थँक्यू म्हटलेलं नाही. विचित्र वाटेल.

समीक्षाने त्याला परस्पर जेवायला बोलावलं. तो आला, चार भाकऱ्या खाल्ल्या, विषय काढला नाही. जाताना मी म्हटलं, “गजा, ते व्हायोलिन लोकांना आवडलंय.” “म्हाईत हाय,” म्हणाला. एवढंच झालं. पण झालं.

रविवार, १३ एप्रिल
मशीन लावून ‘झगमग’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. लोक बरोबर आहेत. भयंकर आहे! गजाला फोन लावला. म्हटलं, “संध्याकाळी येतो, सगळं परत मिक्स करू. आणि एक नवीन चाल सुचलीय.”

त्याने तिकडचा स्पीकर बंद केला. मग म्हणाला, “म्हंजे हा शेवटचा नव्हता?”

नव्हता.