बिनगाडीचा मुराळी

नंदनवन, नागपूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. देवकीताईस,
धाकट्या चंद्रभानचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. गाडी विकली ती विकलीच. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. दुभाजकावर चढवली त्याच दिवशी ठरवलं. आता बसने हिंडतो, मेट्रोत ऐटीत बसतो, इतवारीतून दिवाळीचा किराणा दोन पिशव्यांत लटकवून आणतो. शेजारी हसतात, पण पोट बरंच आत गेलंय.

भाऊबीजेला मात्र तुला न्यायला येणं जमेलसं दिसत नाही. कामं फार आहेत. तूच एसटीने ये ना, मी गणेशपेठ स्टँडवर उभा राहीन. आई रोज मागे लागते, देवकीले घेऊन ये गा, तिले एक गोष्ट सांगायची आहे म्हणून. मला सांग म्हटलं तर म्हणते, तुले काहून सांगू, हे लेकीजवळचं बोलणं आहे. फोन लावून देतो म्हटलं तरी नाही. समोर बसूनच सांगायचं आहे.

बाबाराव भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नये.
तुझा, चंद्रभान

काटोल
५ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रभान यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

भाऊ असून यंदा चंद्राला ओवाळलं. कसली रे कामं तुला? रिटायर होऊन चार वर्षं झाली. मी पिशवी भरून ओसरीवर बसले होते, उगाच, येशीलच म्हणून. जाऊबाईंना त्यांचे भाऊ घेऊन गेले. मुराळी न्यायला आल्याशिवाय आमच्याकडची सून माहेरी निघत नाही, हे तुला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं तू न चुकता आलास. आता न बोलावल्यासारखी मी एकटीच निघाले, तर लोक काय म्हणतील?

आईला सांग, संक्रांतीला भाऊ आला की येते. शेजारच्यांच्या टेम्पोने संत्र्यांची पेटी पाठवते आहे. तिला फोडी सोलून, बिया काढून दे. भांडले तरी लोभ आहेच.
तुझी, ताई

नागपूर
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संक्रांतही गेली. आता खरं लिहितो. कामं नव्हती. तुझ्या अंगणात मोठमोठ्या गाड्या उभ्या असतात. मी वीस वर्षं हॉर्न वाजवत तुझ्या दारात आलो. आता एसटीतून उतरून, पिशवी घेऊन, घाम पुसत चालत यायची मला लाज वाटली. भाड्याची गाडी करावी म्हटलं, तर तुझ्या दिरांनी ती पिवळ्या नंबरपाटीवरूनच ओळखली असती. शहरात बिनगाडीचा मी मजेत असतो, तुझ्या दारात मात्र माझं नाक आडवं येतं. मूर्खपणा आहे, कळतं.

आई हल्ली काही म्हणत नाही, नुसती दाराकडे पाहते. ते मला बघवत नाही. येत्या रविवारी पहिल्या एसटीने येतो. बाबारावांना सांगून ठेव, यंदाचा मुराळी पायी येतो आहे. मला क्षमा कर.
तुझा, चंद्रभान

काटोल
१२ फेब्रुवारी २०२५

चि. चंद्रभान यास,
अनेक आशीर्वाद.

नीट पोचले. तिथे तुझ्यासमोर बोलवेना, म्हणून लिहिते.

रविवारच्या दोन दिवस आधी तुझा फोन आला, की आईला झटका आला आणि वाचा गेली. मी कोणाला विचारलं नाही. हातात येईल ते लुगडं घेतलं आणि मिळेल त्या एसटीत चढले. पंधरा दिवस आईजवळ होते. तिने माझा हात सोडला नाही. ओठ हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. मी एकेक विचारून पाहिलं, तुझ्या पाटल्यांचं का, बाबांचं काही का, पारशिवनीच्या मावशीचं का. ती मानेनेच नाही म्हणायची आणि थकून डोळे मिटायची. डॉक्टर म्हणतात, आता बोलणं येणार नाही. तिला काय सांगायचं होतं ते आपल्याला कधीच कळायचं नाही रे, आणि हे मला जन्मभर खाणार.

तू स्वतःला बोल लावून रडलास. निम्मा दोष माझा धर. तुला गाडीची लाज आणि मला मुराळ्याचा मान. त्या दिवशी एकटी निघाले, तर घरात कोणी ब्रही काढला नाही. उलट बाबाराव स्टँडपर्यंत पोचवायला आले. जागा नव्हती, तर कंडक्टरने स्वतःची दिली.

आईला हळूहळू भरव, घाई करू नकोस. मी दर आठ दिवसांनी येत जाईन, एकटीच. स्टँडवर उभा राहू नकोस, तिच्याजवळ बस. काटोलहून नागपूर दीड तासाचं आहे. एवढंच होतं.

तुझ्यावर जीव आहे तो तसाच आहे.
ताई