गाळलेले चार बिंदू

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून उष्णताच मोजते, एवढं सांगायला बसले होते, पण त्याआधी दुसरंच सांगायला हवं.

घनसावंगीहून जालन्याला शिकायला आले तेव्हा बारावीच्या प्रात्यक्षिकात तांब्याची विशिष्ट उष्णता पुस्तकातल्याइतकी यावी म्हणून मी एक आकडा खोडला होता. तुम्ही वही मिटलीत आणि संध्याकाळी मस्तगडच्या तुमच्या घरी बोलावलंत. काकूंच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर पाणी उकळतंय, त्यांचा चहा खोळंबलाय, आणि तुम्ही माझ्याकडून तोच प्रयोग पुन्हा करून घेताय. आकडा पुन्हा तसाच येतो. "येऊ दे," तुम्ही म्हणता. "आवडला न्हाई म्हणून आकडा खोडायचा नस्तो, पोरी. तो काय सांगून राह्यला, ते आधी ऐक."

पुढे मुंबईला मी अतिवाहकांवर काम करू लागले. खूप थंड केले की ज्यांतून वीज विनाअडथळा वाहते, ते पदार्थ. त्यांच्यात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, आणि जोडी तोडायला किमान जी ऊर्जा लागते तिला आम्ही फट म्हणतो. आमच्या पदार्थात ही फट काही दिशांना शून्य होते का, हा प्रश्न होता. ती दिसत नाही. पदार्थ थंड करत जायचा, किंचित उष्णता द्यायची आणि तापमान किती चढलं ते बघायचं. फट कुठे शून्य असेल तर उष्णता सामावण्याची क्षमता हळूहळू घटते. नसेल तर एकदम कोसळते. माझ्या मोजणीत ती हळूहळू घटत होती. फक्त आलेखातले सर्वांत थंड टोकाचे चार बिंदू रेषेखाली घसरले होते. तिथे तापमापीच बिघडत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ते गाळले. फट काही दिशांना शून्य होते, असं सांगणारा शोधनिबंध छापून आला.

त्या दिवाळीत तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही आलेखावरून सावकाश बोट फिरवलंत.

"सगळे बिंदू लावले ना?"

"हो, सर."

"बराबर," म्हणालात आणि काकूंना हाक मारलीत. "पाह्यलं का, आपल्या पोरीचं हाये हे!"

दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने आणखी खालच्या तापमानापर्यंत मोजलं. फट कुठेच शून्य नव्हती, काही दिशांना फार लहान होती, एवढंच. माझे चार बिंदू तेच सांगत होते. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, मार्गदर्शक म्हणाले राहू दे, आणि मला हायसं वाटलं. ते पत्र कधीच गेलं नाही.

त्याच महिन्यात सकाळी काकूंचा फोन आला. "सर गेले गं. जल्दी निघ, सांजेपर्यंत थांबतो आम्ही." मी म्हणाले, मोजणी चालू आहे काकू, मध्येच सोडता येत नाही.

आता काकूही नाहीत. हे पाठवायला पत्ताच उरलेला नाही, म्हणूनच बहुधा लिहवतंय. त्या दिवशी यंत्र बंद होतं, सर. मी दिवसभर त्याच्यासमोर नुसती बसून होते.