चौथीच्या वर्गातल्या काकड्या

डहाणू, २६ सप्टेंबर २०२५

ती. जमनाआत्यास,
निलमचा सा. न. वि. वि.

तुमच्या पाड्यावरचा टॉवर पुन्हा मेलाय, म्हणून हे पत्र सुनिलच्या जीपने पाठवते.

आज मुलाखत झाली. कासा गावाच्या पुढच्या त्या शाळेत शिक्षकाची एकच जागा आणि आम्ही दहा जण. आधी चौथीच्या वर्गावर पाठ, मग प्रश्न. मी अपूर्णांक घेतला. बाजारातून सहा कोवळ्या काकड्या नेल्या होत्या. एका काकडीचे चार तुकडे, एक तुकडा म्हणजे पाव. आत्या, पोरं काय पटापट सांगत होती! अर्धा, पाऊण, सगळं बरोबर. मी मनातल्या मनात नेमणुकीची ऑर्डर हातात घेऊन मोकळी झाले. शेवटी म्हटलं, की आता प्रत्येकाने आपापला पाव भाग उचला आणि खाऊन टाका. तर एकानेही हात पुढे केला नाही. चोवीस पोरं, चोवीस तुकडे, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. धाकल्या नावाच्या मुलाने तर हात पाठीमागे नेले.

मग मुलाखत. याच शाळेत का यायचंय, या प्रश्नाला मी ऐटीत सांगितलं, की मी इथलीच, इथल्या मुलांचं मन मला कळतं. हेडमास्तरांनी नेमकं तेच धरलं. मग मुलांनी काकडी का खाल्ली नाही, म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाजली असतील. ते म्हणाले, लाजरी मुलं अर्धा-पाऊण ओरडून सांगत नाहीत. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नाव कापलेलं नाही. मी आणि नरपडची एक सुषमा, अशा दोघी उरलोय. काकडीचं उत्तर मला आठवड्याभरात लिहून आणून द्यायचंय.

तू आश्रमशाळेत वीस वर्षं स्वयंपाक केलास, शेकड्यांनी पोरं जेवू घातलीस. तुला काय वाटतं? मीठ लावलं नव्हतं म्हणून? चार वर्षं या नोकरीची वाट बघतेय गं, पण खरं सांगू, आता नोकरीपेक्षा तो प्रश्नच जास्त छळतोय.

रागावू नकोस, उत्तर धाड, आणि माया आहे तशीच राहू दे.
तुझी निलम


पाडा, ता. तलासरी, २८ सप्टेंबर

चि. निलम हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

मीठ लावलं नव्हतं म्हणून म्हणे! शहाणे, हे हेडमास्तरला लिहिलंस तर मला तोंड दाखवू नकोस. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत झाली तुझी. अगं, आपल्याकडे नवी काकडी दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबा देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. वेलावरची असो नाहीतर बाजारातली, काकडी ती काकडी. आश्रमशाळेत या दिवसांत मी कोशिंबीर करतच नसे. वरच्या साहेबांनी विचारलं तर काकड्या कडू निघाल्या म्हणून सांगायची. वीस वर्षं कडू निघाल्या.

पण तुला तरी कसं कळावं? तुझ्या बापाने, माझ्या विनोददादाने, डहाणूला ऑफिसात लागल्यावर वाघबारशीला येणं सोडलं. तिथले लोक हसतात म्हणाला. आई दर वर्षी वाटेवर डोळे लावून बसायची. आणि एक माझंही आहे. तू चार वर्षांची असताना गणपतीच्या सुट्टीत आली होतीस. वेलाला लागलेली काकडी बघून तू असं भोकाड पसरलंस, की मी तुला गोठ्यामागे नेलं आणि चोरून खाऊ घातली. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता ऐक. माझ्या सांगण्यावरून उत्तर लिहू नकोस. दर पाड्याची रीत थोडी वेगळी असते. त्या पोरांच्या घरी जा, ओट्यावर बस आणि विचार.

दादा-वहिनींना नमस्कार. खाऊन-पिऊन राहा, आत्याला विसरू नकोस.
तुझी जमनाआत्या


डहाणू, ४ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

गेले होते! धाकल्याची आजी, तिचं नाव तुळशी, ओट्यावर वरी पाखडत होती. मी कोण, कुणाची, हे सगळं तिने आधी काढून घेतलं. जणू मुलाखत तीच घेत होती. मग मी विचारलं. त्यांच्याकडेही वाघबारसच. असं का, म्हणून विचारल्यावर तिने मलाच विचारलं, की घरातल्या मोठ्यांच्या आधी आपण ताटावर बसतो का? पाऊस, रान, वाघ, सगळ्यांनी सांभाळलं तेव्हा वेल वाढला, मग आपणच पहिला घास कसा घ्यायचा? आणि पोरं गप्प का राहिली, तर नव्या बाईंना नाही कसं म्हणायचं म्हणून. आत्या, मी तिथे तीन तास बसले. अजून शंभर प्रश्न आहेत माझ्याकडे.

हेडमास्तरांना सगळं लिहून दिलं. मला माहीत नव्हतं, हेही लिहिलं, आणि मी इथलीच असल्याचं वाक्य खोडून टाकलं. तुझ्या कडू काकड्या मात्र पोटातच ठेवल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, की ते साताऱ्याकडचे, इथे येऊन तीन वर्षं झाली, आणि दर वर्षी या दिवसांत मुलांच्या ताटातली कोशिंबीर तशीच परत येते. म्हणजे बघ, मी समजत होते परीक्षा चाललीय, आणि त्या माणसाला उत्तर खरंच माहीत नव्हतं!

निकाल पुढच्या आठवड्यात. जीव नुसता टांगणीला लागलाय.
तुझ्या आशीर्वादाची आत्ता फार गरज असलेली,
निलम


पाडा, ९ ऑक्टोबर

चि. निलम हिस, अनेक आशीर्वाद.

काय झालं? रोज जीप थांबवून विचारते, तर सुनिल आता मला बघून लांबूनच मान हलवतो. वाक्य खोडलंस ते मला आवडलं नाही. इथली नाहीस तर कुठली? पण असो, तुला खोटं लिहवलं नाही, ते बरंच झालं. भाताची कापणी जवळ आली आहे, हाताला उसंत नाही, म्हणून थोडक्यात.

निकाल लागल्याबरोबर चार ओळी टाक, मग वाटेल तेवढी मिरव.
आत्या


डहाणू, १४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
नव्या बाईंचा सा. न. वि. वि.

हो, झाली! कालपासून चौथीचा वर्ग माझा. ऑर्डर हातात आली तेव्हा आई रडली, बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. तुझ्या वाटणीचे सुनिलकडे दिलेत, मोजून घे.

पण लिहायचं वेगळंच आहे. आज दुपारी पोरांमध्ये जेवायला बसले आणि डबा उघडला, तर आईने कोशिंबीर दिलेली. मी काही म्हणायच्या आत भारती नावाच्या पोरीने वाकून बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, की बाई, तुमच्या घरचं वाघोबाला दाखवून झालं वाटतं? झालं म्हणावं तर खोटं. आमच्याकडे होतच नाही, हे त्या पोरीसमोर तोंडातून निघेना. मी झाकण लावलं आणि कोरडी भाकरी खाल्ली.

घरी आईने डबा बघून विचारलं, खारट झाली होती का. मी दोघांना सगळं सांगितलं. तू गोठ्यामागे चोरून दिलेल्या काकडीचंही सांगितलं, माफ कर. बाबा हसतील असं वाटलं होतं. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी तिथेच. मग मला विचारलं, की वाघबारस या शुक्रवारी ना? आणि तलासरीहून पाड्याकडे सकाळची पहिली जीप किती वाजता सुटते?

मला ठाऊक नाही, आत्या. बाबांनाही ठाऊक नाही. लवकर कळव.

आम्हा तिघांवर लोभ असू दे.
तुझी निलम